रजा संपत आलीय म्हणतेस

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

प्रिय मंजू,

बाळंतपणाची रजा संपल्यावर नोकरीवर परत जाऊ की नको, असं विचारलंस. तुझं पत्र मंगळवारीच आलं, पण सलग वाचायला आजचा रविवार उजाडला. यातच तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आलं बघ.

सासूबाई म्हणतात, 'आता घरीच राहा, आपल्याला काय कमी आहे?' आई म्हणते, 'एवढी शिकलीस ती कशाला?' आणि नवरा म्हणतो, 'तुला वाटेल ते कर.' मला तिघांत त्याचंच बोलणं जास्त खटकलं. तुला वाटेल ते कर, म्हणजे उद्या जे बिनसेल ते तुझ्या नावावर. बाप झाल्यावर नोकरीचे फायदे-तोटे त्याला कुणी विचारले का गं?

आधी तोटेच सांगते. ओंकार 2015 चा. तेव्हा बाळंतपणाची रजा 12 आठवडे होती. 26 झाली ती 2017 मध्ये, तोवर माझी गाडी सुटली होती. तीन महिन्यांचं पोर ठेवून हिंजवडीला जायचे. अकरा वाजले की दूध भरून यायचं. एवढी मोठी चकचकीत इमारत, पण बाळंतिणीला बसायला कोपरा नाही. संडासात झाकण पाडून त्यावर बसून दूध काढायचं आणि ठेवायला जागा नाही म्हणून बेसिनमध्ये ओतायचं. वरून नळ सोडायचा. एकदा मीटिंगमध्ये कुर्ता भिजला, तर दीड तास फाईल छातीशी धरून बसले. संध्याकाळी चांदणी चौकात बस अडकली की रडायला यायचं. ओंकार दहा वर्षांचा झाला, पण त्या बेसिनचा राग अजून गेलेला नाही.

तुझं नशीब जरा बरं. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यायला हवं, हे आता कायद्यातच आहे. काम तसं असेल तर रजेनंतर काही दिवस घरून करायचंही कंपनीशी बोलून ठरवता येतं. पण लेखी विचार. तोंडी विचारलं की 'बघू' म्हणतात, आणि त्या 'बघू'मध्ये मूल शाळेत जायला लागतं.

पाळणाघराची धास्ती मलाही होती. ओंकारचं पाळणाघर चालवणाऱ्या आमच्या काकू सोलापूरच्या. सव्वादोन वर्षांचा ओंकार एके दिवशी सदाशिव पेठेतल्या माझ्या सासूबाईंना म्हणाला, 'का बे आजी, जेवलीस का?' त्यांच्या हातातली वाटीच खाली आली! नंतर आठवडाभर घरात 'संस्कार' या विषयावर सत्र चाललं. पण मंजू, तो 'जेवलीस का' विचारायला शिकला होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. अजूनही त्याला वरणभातावर शेंगाचटणी लागते. त्याचं अर्धं बालपण मी पाहिलेलं नाही, ते काकूंकडे आहे. त्या सांगतात तेव्हा मला आवडतं आणि टोचतंही. दोन्ही खरं.

पैशाचं फार लिहीत नाही. माझी आई भाजीचे पैसेसुद्धा बाबांकडून मोजून घ्यायची आणि रात्री वहीत हिशेब लिहायची. एकदा त्यात 'शुभा, रिबिनी' असं लिहून खोडलेलं सापडलं होतं. मी नोकरी का सोडली नाही, याचं माझ्यापाशी तेवढंच कारण आहे.

एक गंमत बघ. आमच्या आजेसासूबाई बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात दोन मुलं. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात काढलेल्या सेवासदनात शिकल्या आणि मास्तरीण झाल्या. मुलांचं कसं होईल, घराकडे कोण बघेल, असं त्यांना कुणी विचारल्याचं घरात कुणाला आठवत नाही. दांडेकर पुलाकडून आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनाही कुणी विचारत नाही. त्यांची धाकटी अंगणवाडीत जाते, पण ती सुटते तेव्हा मावशी तिसऱ्या घरच्या कणकेत असतात. मग अकरा वर्षांची थोरली शाळा बुडवून तिला सांभाळते. मी त्यांचे पैसे वाढवले, सुट्ट्या ठरवून दिल्या, पण माझी नोकरी त्या थोरलीच्या शाळेवरही उभी आहे, हे मनातून जात नाही. नवऱ्याचा पगार येतोय तिथंच हा प्रश्न निघतो गं. बाकीच्या सकाळी उठतात आणि कामाला जातात.

म्हणून नोकरी करावी की नाही, याचा काथ्याकूट मी करणार नाही. आमच्याकडे खरी भांडणं फोनवरून झाली. शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर ह्यांचा होता, तरी ओंकारला ताप आला की फोन मला. एकदा मी रजेवर आईकडे गेले आणि मुद्दाम फोन बंद ठेवला. ह्यांना ऑफिसातून जावं लागलं, आणि ओंकारला कुठलं औषध किती द्यायचं हे माहीत नसल्यानं आमच्या काकूंनाच विचारावं लागलं! रात्री जरा आवाज चढले. पण दुसऱ्याच दिवशी औषधांचा कागद ह्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला. तेव्हापासून मंगळवार-गुरुवार त्यांचे. त्या दिवशी घर कोसळलं तरी मी हिंजवडीत.

तुझ्या नवऱ्याला एवढंच विचार, तुझे वार कुठले? उत्तर आलं की मला कळव.

आणि पाळणाघर बघायला जाशील तेव्हा सकाळी, सगळं आवरलेलं असताना जाऊ नकोस. दुपारी दोनला, न कळवता जा. मुलं झोपलेली असतील. एखादं जागं असेल, तर ते कुणाच्या मांडीवर आहे ते बघ.

ओंकार विचारतोय, बाळाला 'का बे' म्हटलेलं चालेल का?

तुझी,
शुभा