पुढील वर्षाच्या घरबागेच्या नियोजनाबाबत सूचना

सर्व सभासदांस नम्र सूचना की, पुढील वर्षी गच्चीवर किंवा गॅलरीत बाग करणाऱ्यांनी बियाणे घेण्यापूर्वी आपल्या जागेवर सकाळी व दुपारी ऊन किती तास पडते, याची आठवडाभर नोंद ठेवावी. फळभाज्यांना रोज किमान सहा तास ऊन लागते, तर पालेभाज्या तीन-चार तासांतही येतात.

मुंबईत पाऊस साधारणतः 11 जूनच्या सुमारास सुरू होत असल्याने भेंडी, दुधी, पडवळ यांची लागवड जूनमध्ये करावी. टोमॅटो व वांग्याची रोपे सप्टेंबरमध्ये आडोशाला तयार करून पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये कुंड्यांत लावावीत. ही रोपे भर पावसातच लावण्याची घाई दरवर्षी अनेकांना नडते, आणि मुसळधार पावसात कोवळी रोपे कुजलेली पाहून वाईट वाटते.

वजनाचा विचार मात्र सर्वांत आधी करावा. एक घनफूट ओली माती 40 किलोंहून अधिक भरते, म्हणून गच्चीवर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व कंपोस्ट मिसळलेले हलके मिश्रणच वापरावे आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटल्या घासाव्यात, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

आपली लागवडीची यादी मेअखेरीपर्यंत समूहावर कळवावी, म्हणजे बियाण्यांची आपसांत वाटणी करता येईल.