सल्ले पुरे, दोन तास बसणारं माणूस हवंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीतला स्मृतिभ्रंशावरचा पानभर लेख वाचला. कालच लिहिणार होते, पण वडिलांनी रात्रभर जागं ठेवलं म्हणून आज लिहितेय. राग तेवढाच आहे. लेख चांगला आहे हे आधी म्हणून घेते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. आजाराची माहिती बरोबर आहे, डॉ. अल्झायमर यांनी १९०६ मधे पहिला पेशंट मांडला वगैरे सगळं ठीक. पण खाली ती 'घरच्यांसाठी' म्हणून चौकट टाकलीय ती कोणी लिहिली हो? स्वतःसाठी वेळ काढा, छंद जोपासा, पुरेशी झोप घ्या, कुटुंबाचा आधार घ्या. वा. झोप घ्यायची असते हे मला माहीतच नव्हतं, आभारी आहे.

वेळ काढा म्हणजे कुठून काढा? माझ्या वडिलांना एकटं सोडता येत नाही. गॅस चालू ठेवून विसरतात, दार उघडून चालायला लागतात, आणि दिवस कलला की स्वतःच्याच घरात उभे राहून 'मला घरी सोड' म्हणून मागे लागतात. समजूत घालून उपयोग नाही, वाद घालून तर मुळीच नाही. मी आंघोळीला जाते तेव्हा बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावून किल्ली बरोबर नेते. यात छंद कुठला बसवायचा ते चौकट लिहिणार्‍यांनी कळवावं.

आणि कुटुंबाचा आधार! त्याचीच गोष्ट सांगते. मागे आमचे काका येऊन गेले, वडिलांचे धाकटे भाऊ. ज्यांच्या घरात हा पेशंट आहे त्यांना माहितीय की हा आजार पाहुण्यांना दिसत नाही. तासभर माणूस असा काही सावरून बसतो की बघत राहावं. वडील हसले, जुन्या नोकरीतल्या गमती सांगितल्या, काकांनी आज वार कोणता विचारलं तर 'का रे, तुला माहीत नाही?' म्हणून उलट त्यांनाच गप्प केलं. काका खूष. मग मी आत गेले तेवढ्यात वडिलांनी आवाज बारीक करून सांगितलं की ही मला जेवायला देत नाही आणि कपाटातले पैसे काढते. जेवून तेव्हा अर्धा तास झाला होता. ताट तिथेच होतं!

पैसे चोरल्याचा संशय हे या आजाराचं अगदी नेहमीचं लक्षण आहे, डॉक्टरनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. जवळ राहून सगळं करणार्‍यावरच तो संशय येतो, कारण समोर सतत तोच असतो. पण काकांना डॉक्टर कशाला हवेत? त्यांनी घरी जाऊन फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, 'दादांशी बोललो, तब्येत उत्तम, फक्त घरात लक्ष द्यायला हवे.' फक्त! त्यावर अंगठे आले, हात जोडलेले आले, आणि परगावच्या भावाचा मला फोन, की ताई नक्की काय चाललंय. तो रविवारी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलतो आणि त्याच्याशी पण वडील मस्त बोलतात. मी काकांना फोन करून म्हटलं, एक रात्र मुक्कामाला या, फक्त एक. तर त्यांची पाठ दुखायला लागली ती अजून दुखतेय.

वडिलांचा मला राग नाही. ते संध्याकाळी माझ्यावर ओरडतात आणि रात्री मलाच 'बाई, तुम्ही फार चांगल्या आहात' म्हणतात, त्यांच्यावर काय रागवायचं. राग या 'उत्तम तब्येत' वाल्यांचा आहे.

तुमच्या लेखात एक गोष्ट यायला हवी होती ती मीच लिहिते. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकार्‍यांनी पेशंटच्या नवरा-बायकोंवर वर्षानुवर्षं अभ्यास केला, ४०६ जण होते. निम्म्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका दिल्या, त्यातल्या दोन एकट्याने आणि चार बाकीच्या नातेवाइकांना बरोबर बसवून. शिवाय अशाच घरच्यांचा आधारगट, आणि अडचण आली की कधीही फोन करायची सोय. २००६ मधे निकाल छापला, ज्यांना ही मदत मिळाली त्यांनी पेशंटला सरासरी दीड वर्ष जास्त घरी सांभाळलं. त्यासाठी नवीन औषध वगैरे काही लागलं नव्हतं. चार बैठका नातेवाइकांना बसवून, हे कृपया ठळक छापा, आमचे काका ठळक तेवढंच वाचतात.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात २०२१ मधे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता, आणि घरचे लोक सरासरी रोज ५ तास देखरेख करतात. ५ तास? ज्याने मोजले तो रात्री घरी जात असणार. या कामातले ७० टक्के तास बायकांचे असतात हेही तेच म्हणतात, ते मात्र पटलं. तुमच्या लेखाबरोबरचा फोटोसुद्धा हसर्‍या सुनेचाच होता, इस्त्रीच्या साडीत.

मला काय हवंय ते सरळ सांगते. शिकलेलं, या आजाराची माहिती असलेलं माणूस आठवड्यातून काही तास घरी येऊन बसलं पाहिजे, परवडेल अशा पैशात. नोकरी करणार्‍याला अशा आजारपणासाठी रजा मिळाली पाहिजे, मी शेवटी नोकरी सोडली. आणि रात्री फोन उचलणारं कोणीतरी. एका रात्री वडील अचानक ओळखेनासे झाले, भिंतीवर माणसं दिसायला लागली, सगळे म्हणाले आजार वाढला, आता असंच. निघालं काय, लघवीचं इन्फेक्शन! अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि होते तसे झाले. एकदम बिघडलं तर आधी हे तपासा, एवढं एक वाक्य त्या छंदांच्या जागी छापलं असतं तर कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

शेवटचं. 'शब्दकोडी सोडवा, स्मृतिभ्रंश टाळा' हेही तुम्हीच छापलंय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मधे धोका वाढवणारी १४ कारणं दिली, कमी ऐकू येणं, बीपी, शुगर, सिगारेट, एकटेपणा, प्रदूषित हवासुद्धा. शब्दकोडं न सोडवणं त्यात नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तुमचंच कोडं सोडवलं, पेनाने. आणि विषय निघालाच आहे तर, गेल्या काही महिन्यांपासून त्या कोड्याचे चौकोन इतके बारीक का केलेत? ते सोडवणारे बहुतेक म्हातारेच असतात. जाहिरात जरा लहान करा.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, फॅमिली ग्रुपवर फिरेल)