स्ट्रॅटच्या सॅडलसाठी दादांचे जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

स्ट्रॅटचे, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारचे, सॅडल (ब्रिजवर एकेक तार जिच्यावर टेकते ती छोटी घोडी) बदलायचे म्हटलं की जो तो धातूवर बोलायला लागतो. पितळेचे घ्या, स्टेनलेसचे घ्या, टायटॅनियमची तर बातच और! तुम्ही मात्र आधी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिलात. त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही दाखवलेलं इतर गिटारवाल्यांच्याही उपयोगी पडावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

ब्रिजवर पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत मोजायचं आणि पाचने भागायचं, म्हणजे दोन तारांमधलं अंतर मिळतं; सॅडल त्या मापाचे हवेत. १९५४ च्या मूळ धाटणीच्या ब्रिजवर हे अंतर २ ७/३२ इंच, म्हणजे ५६.४ मिमीच्या आसपास, भागाकार ११.३. पुढच्या काळातल्या अमेरिकन ब्रिजवर २ १/१६ इंच, म्हणजे ५२.४ मिमी, भागाकार साडेदहा. आशियात बनलेल्या ब्रिजवर बरेचदा १०.५ किंवा १०.८ निघतं. फरक मिलिमीटरभराचाही नाही. पण रुंद सॅडल अरुंद ब्रिजवर सहाच्या सहा बसतच नाहीत, आणि अरुंद सॅडल रुंद ब्रिजवर मोकळे राहून आडवे सरकतात.

मग आटे. अमेरिकन सॅडलचे ग्रब स्क्रू (सॅडलची उंची ठरवणारे बिनडोक्याचे स्क्रू) ४-४० या इंची मापाच्या आट्याचे, त्यांना ०.०५० इंची ॲलन की लागते. मेट्रिक सॅडलना बहुधा एम-३ चे स्क्रू आणि १.५ मिमीची की. ०.०५० म्हणजे १.२७ मिमी, त्यामुळे ती की मेट्रिक स्क्रूत शिरते, पण धरत नाही. नुसती फिरते आणि खोबणीचे कोपरे गोल करून ठेवते. एकाचे स्क्रू दुसऱ्याच्या सॅडलमध्ये जोराने पिळले तर आटे गेलेच म्हणून समजा.

तार सॅडलवरच तुटते म्हणून नवा सेट मागणाऱ्याला तुम्ही ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी काढून देता, हे तर खासच! बहुतेक वेळा सॅडलच्या माथ्यावर किंवा तार जिथून वर येते त्या कडेवर बारीकशी धार आलेली असते. ती घासून गुळगुळीत केली की खरेदीची गरजच उरत नाही. तरीही तार तुटत असेल, तर टेफ्लॉन मिसळलेले कॉम्पोझिट सॅडल घ्यावेत. धातूंच्या आवाजात फरक असतो, नाही असं नाही, पण माप चुकलं तर तो ऐकायची वेळच येत नाही. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत मात्र ग्रब स्क्रू स्टेनलेसचेच हवेत. गंजून बसलेल्या स्क्रूला कापसाच्या काडीने गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब लावून रात्रभर ठेवायचं. तरी हलला नाही तर तेल पुसून सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभर टेकवायचं.

ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) तरंगता, म्हणजे बॉडीपासून किंचित उचललेला, असेल तर तारा काढताच स्प्रिंगा ब्रिजला मागे बसवतात. ब्रिजच्या मागच्या कडेखाली लग्नपत्रिकेची घडी सरकवायची युक्ती झकास. उंची जागेवर राहते आणि पॉलिशला ओरखडा जात नाही. जुन्या सॅडलच्या जागेचा फोटो मात्र आधीच काढून ठेवावा.

बसवताना कडेच्या दोन सॅडलना ८ मिमीचे ग्रब स्क्रू, मधल्या चारांना १० मिमीचे. उलट झालं तर कडेचे स्क्रू वर डोकावतात आणि तळव्याला टोचतात. एका सॅडलचे दोन्ही स्क्रू समान हवेत, नाहीतर सॅडल कलतं आणि शेजाऱ्याला रेटतं. क्रम असा: आधी नेकचा (गिटारच्या मानेचा) बाक, मग उंची, इंटोनेशन (सूर सगळीकडे नेमका लागावा म्हणून सॅडल मागेपुढे करणं) सर्वांत शेवटी, कारण उंची बदलली की सूरही हलतो. साडेनऊ इंच रेडियसच्या (पृष्ठभागाच्या गोलाईच्या) नेकवर १७ व्या फ्रेटपाशी (पडद्यापाशी) तारेची उंची दोन्ही बाजूंना १.६ मिमी, सव्वासात इंचाच्या नेकवर जाड तारेकडे २ मिमी.

इंटोनेशनसाठी पहिल्या तारेचं सॅडल नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या आडव्या पट्टीपासून) ६४८ मिमीवर. दुसरं सॅडल पहिल्यापेक्षा दुसऱ्या तारेच्या जाडीइतकं मागे, तिसरं दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या तारेच्या जाडीइतकं मागे. चौथं दुसऱ्याच्या रेषेत. पाचवं त्याच्या मागे पाचव्या तारेच्या जाडीइतकं, सहावं पाचव्याच्या मागे सहाव्या तारेच्या जाडीइतकं. ही सुरुवात. मग नव्या तारांवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहायचा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर नेककडे. दरवेळी तार सैल करूनच. सहावं सॅडल पुरेसं मागे जाईना, तर दोष सॅडलचा नसतो: त्या सॅडलची स्वतःची छोटी स्प्रिंग पूर्ण दबलेली असते. तिचे दोन वेढे कापले की जागा होते.

आणि नव्या सॅडलचा माथा सपाट असेल तर मोकळी तार झिणझिणते. मिरजेचे कारागीर सतारीच्या घोडीवर मेहनतीने काढतात ती जवारी इथे फुकट मिळते, आणि नको असते! माथा पुढच्या बाजूने किंचित उंच ठेवून मागे उतरता घासला की ती जाते.

तुमची ०.०५० ची की टोकाला झिजली होती. टोक मिलिमीटरभर सपाट घासलं, कोपरे पुन्हा धारदार झालेत. जुने सॅडल त्यांच्याच स्क्रूंसकट, ‘४-४०’ अशी चिठ्ठी लावून, एका पुडीत आहेत; कुणाला सुटे लागले तर खुशाल द्या.

आपले ऋणी,
तुमचे गिटारवाले