फायदा गटातल्यांना, फटका गटाबाहेरच्यांना

मा. संपादक,
स. न.

समाजमाध्यमांनी भलं जास्त केलं की नुकसान, यावर आपल्या अंकात येणारी पत्रे वाचतो आहे. बहुतेकांनी हिशेब स्वतःपुरता मांडला आहे. कुणाचा वेळ गेला, कुणाच्या मुलाचा अभ्यास बुडाला, कुणाचा धंदा वाढला. मी सांगोला तालुक्यातला डाळिंब उत्पादक. तसाच मांडला तर माझा हिशेब नफ्याचाच निघतो. पानावर डाग दिसला की फोटो काढून व्हॉट्सअॅप गटावर टाकतो. तो तेल्या रोग आहे की साधा बुरशीचा ठिपका, हे जाणती माणसं दुपारपर्यंत सांगतात. पूर्वी औषध दुकानदार जे हातात देईल ते फवारायचो. सोलापूर, पंढरपूर, आटपाडीत काय भाव निघाला हे आता तोडणीआधी कळतं, म्हणून बांधावर आलेल्या व्यापाऱ्यापुढे मान खाली घालावी लागत नाही. खोडकिडीने बागा वाळत होत्या तेव्हा या गटांनी कितीतरी जणांना धीर दिला. हे उपकार मी विसरणार नाही.

पण या हिशेबात एक माणूस कुणी धरतच नाही : जो कुठल्याच गटात नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक आमच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागायला तिथे गेले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी ही माणसं. मेसेज ज्यांच्या हातात होता त्यांना ओरखडाही आला नाही, मेले ते ज्यांना त्या मेसेजचा पत्ताही नव्हता. त्याच सुमारास देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक चित्रफीत तर कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. शेवटी मुलाला परत आणून सोडतात, तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता.

त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं, २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजवर आणखी बंधन आलं. चांगलंच झालं. पण तेव्हा २५६ जणांचा असलेला गट २०२२ मध्ये १०२४ जणांचा झाला. मेसेज पाठवण्याला चाप लावला आणि ऐकणारी गर्दी वाढवली. अफवा थांबल्या नाहीत. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मारहाण झाली. दोन्ही ठिकाणी संशय तोच, मुलं पळवल्याचा.

माझा फायदा आणि त्यांचा जीव एकाच वहीत मांडून वजाबाकी करायला माझं मन धजत नाही. मला मिळालेल्या चार पैशांनी त्यांच्या घरचं काय भरून येणार?

आमच्या गावात भिक्षेकरी कुटुंब देवळापाशी उतरलं की पोलीस पाटील जाऊन भेटतात आणि त्यांना विचारून गावच्या गटावर टाकतात, "ही माणसं अमुक गावची, ओळख पटली आहे, कुणी त्रास देऊ नये." गरिबानेच दारोदार ओळख का पटवायची, हा प्रश्न मलाही टोचतो. तरी जीव वाचतो, म्हणून हे राज्यभर सगळ्या पोलीस पाटलांचं ठरलेलं काम व्हावं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्येच जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला नोडल अधिकारी, म्हणजे या कामाची जबाबदारी असलेला अधिकारी, नेमायला सांगितलं होतं. हा अधिकारी कोण, हे आमच्या गावात कुणालाच सांगता येत नाही. त्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा आणि आपल्या वृत्तपत्राने जिल्हावार यादी छापावी, ही विनंती.

आपला,
एक डाळिंब उत्पादक
ता. सांगोला, जि. सोलापूर