हावभावांना गुण, पुराव्याला किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुत्सद्द्यांच्या भाषणांतील देहबोली उलगडून दाखवणारे लेख अलीकडे आपल्यासह अनेक दैनिकांत येतात. सिंधुदुर्गातील शालेय वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसताना त्यांचा परिणाम मला दिसतो. तळहात उघडे ठेवणे, दोन वाक्यांमध्ये थांबणे, नजरेला नजर देणे हे मुले अचूक करतात. मात्र भाषणातला आकडा कुठून घेतला, असे विचारताच गोंधळतात. दोष त्यांचा नाही, कारण आमच्या गुणपत्रिकेत हावभावांचा रकाना असतो, पुराव्याचा नसतो.

रात्रभर दशावतार पाहणाऱ्या या जिल्ह्याला आवेशाचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. तिथे आवेश हीच कला आहे. सुरक्षा परिषदेत मात्र त्याच्या बळावर युद्धाची बाजू मांडली जाऊ शकते. २५ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी तिथे सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन यांना क्यूबातील क्षेपणास्त्रांविषयी ‘होय की नाही’ असा थेट सवाल केला, भाषांतरासाठी थांबू नका असे सुनावले आणि सरळ उत्तर मिळत नाही असे दिसल्यावर क्षेपणास्त्रतळांची हवाई छायाचित्रे सर्वांसमोर मांडली. ५ फेब्रुवारी २००३ रोजी त्याच परिषदेत इराकविरुद्ध युद्धाची बाजू मांडताना अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी एक लहानशी कुपी चिमटीत धरून वर उचलली. चमचाभराहून कमी अँथ्रॅक्सने, म्हणजे जीवघेण्या रोगजंतूंच्या भुकटीने, २००१ मध्ये सिनेटचे कामकाज बंद पाडले, असे सांगून इराकने २५,००० लिटर तयार केले असू शकते, हा अंदाज त्यांनी लगेच त्याला जोडला. वाक्यात शक्यता होती आणि हातात मात्र डोळ्यांना दिसणारी वस्तू. ऐकणाऱ्याच्या मनात वस्तूच राहिली. मागे गुप्तचर संस्थेचे प्रमुख जॉर्ज टेनेट बसले होते, तेही पॉवेल यांच्याच आग्रहावरून.

१९६२ ची छायाचित्रे खरी होती. इराकमध्ये मात्र तसे साठे सापडले नाहीत, आणि २००५ मध्ये पॉवेल यांनीच त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरील डाग म्हटले. तरीही दोन्ही भाषणांत आवाज ठाम आहे, कारण आपण सांगतो ते खरे आहे अशी दोघांचीही खात्री होती. देहबोलीतून फार तर वक्त्याची खात्री कळते, विधानाचा खरेपणा नाही. खोटे बोलणारा ओळखण्याच्या अनेक प्रयोगांचा २००६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाला. नाणे उडवूनही जवळपास तेवढेच साधते.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत ‘शब्दांचा परिणाम अवघा ७ टक्के’ असे सर्रास सांगितले जाते. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आला आहे. ते प्रयोग सुट्या शब्दांच्या उच्चारातून आणि चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचे होते. भाषणाला तो लावणे सर्वस्वी चूक आहे.

म्हणून आपणास विनंती आहे की, अशा भाषणाचे विश्लेषण छापताना त्यातील तीन-चार मुख्य विधाने मूळ शब्दांत द्यावीत, प्रत्येकाला आधार कोणता दिला गेला ते लिहावे, आणि नेमक्या कोणत्या विधानाच्या वेळी हात उंचावला किंवा आवाज चढला, हेही सोबत नोंदवावे. स्पर्धांच्या संयोजकांनीही गुणपत्रिकेत पुराव्याचा रकाना यंदापासूनच घालावा, आणि त्याला हावभावांपेक्षा कमी गुण ठेवू नयेत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, वेंगुर्ले