सर जमशेटजी जीजीभाई यांस

आदरणीय सर जमशेटजी,

सादर प्रणाम.

गेल्या वर्षी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया झाली. त्यांना वांद्र्याच्या घरी नेताना टॅक्सी माहीमच्या कॉजवेवर आली, तेव्हा ध्यानात आले की आपल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयातून निघून आम्ही आपल्याच कुटुंबाने बांधून दिलेल्या वाटेने घरी चाललो होतो. दोन्ही १८४५ सालची. हे आभार तेव्हाच मानायला हवे होते.

त्याआधी ही खाडी लोक होडीने ओलांडत, आणि पावसाळ्यात ते जिवावरचे काम असे. कंपनी सरकार खर्चाला तयार होईना, तेव्हा आपल्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. मात्र येथून जाणाऱ्या कोणाकडूनही टोल घेऊ नये, अशी अट घालून. टोलनाक्यांवर आयुष्यातले कितीतरी तास घालवलेल्या माझ्यासारख्याला ती अट रकमेपेक्षाही मोठी वाटते.

गुरांच्या बाबतीत आपणही तेच केलेत. कॅम्प मैदानावर गुरे चारण्यासाठी सरकारने शुल्क लावले आणि गरिबांना ते परवडेना, तेव्हा आपण ठाकूरद्वारजवळ वीस हजार रुपयांची कुरणे विकत घेऊन तेथे चराई मोफत केली. चर्नी रोड हे नाव त्या चरण्यावरून पडले असे सांगतात. व्युत्पत्तीवर वाद आहे, पण निदान मला तरी तीच पटते.

आपल्या संपत्तीचा मोठा वाटा चीनला जाणाऱ्या अफूतून आला, हे न लिहिता आभार मानणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तिकडच्या घरांचे जे झाले, त्याची भरपाई मुंबईतल्या दानाने होत नाही. तरीही कोवळ्या वयात पोरके होऊन जुन्या बाटल्यांच्या धंद्यात राबलेल्या आपण, 'बाटलीवाला' म्हणवून घेतलेल्या आपण, पैसा हाती आल्यावर दुसऱ्याच्या खिशातून जाणारे दोन पैसे लक्षात ठेवलेत, याबद्दल मी ऋणी आहे.

टॅक्सीवाल्याला 'जेजे' एवढेच सांगावे लागले होते. वडील आता बरे आहेत आणि संध्याकाळी खाडीपर्यंत चालत जातात.

आपला कृतज्ञ,
एक वांद्रेकर