व्याख्याते पुण्याचे, कचेरी कर्नाटकाची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात व्याख्यानमाला आणि ग्रामीण साहित्य संमेलने सुरू होतात. ‘समाजमाध्यमे आणि आपण’, ‘डिजिटल युगातील नागरिक’ असा एखादा विषय आता यादीत हमखास असतो. विषय योग्यच आहे. पण पुण्या-मुंबईहून आलेले व्याख्याते सातबारा, महाभूलेख आणि ‘आपले सरकार’ सांगून जातात. समोर बसलेल्याचा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या पोर्टलवर असतो, दाखल्याचा अर्ज नाडकचेरी या महसूल कार्यालयात नाहीतर सेवासिंधू या सेवा-पोर्टलवर, आणि गावठाणातल्या घराचा नमुना 9 व 11 ग्रामपंचायत मालमत्तांच्या ‘ई-स्वत्तू’वर. टाळ्या पडतात, काम तिथेच राहते.

सर्वांत मोठा घोळ माहिती अधिकाराचा. 2005 चा कायदा देशभर एकच आहे, नियम मात्र राज्यागणिक वेगळे. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून चालते, म्हणून व्याख्याते तेच सांगतात. इथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडावी किंवा रोख भरून पावती घ्यावी. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत बसवावा. रस्ता, गटार आणि पाण्याची टाकी एकाच अर्जात कोंबली तर अर्ज परत करायला आयते कारण मिळते. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील करायचे.

आणि भाषेचा मुद्दा, जो कुणीच काढत नाही. कायद्याच्या कलम 6 नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा. म्हणजे बेळगावात मराठीतला माहिती अधिकार अर्ज नियमावर बोट ठेवून अडवता येतो. कन्नड येत नसेल तर सरळ हिंदीत लिहावा. लिपी आपलीच आहे आणि हिंदी नाकारता येत नाही. गाऱ्हाण्याचे निवेदन ही निराळी गोष्ट. घटनेचे कलम 350 कोणत्याही अधिकाऱ्याकडे राज्यात वा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देते, तिथे मराठी बिनधास्त वापरावी. हे दोन कागद वेगळे ठेवले नाहीत तर माणूस कलम 350 सांगत माहिती अधिकाराच्या खिडकीवर भांडत बसतो आणि 30 दिवसांची गणती सुरूच होत नाही.

दाखल्यांचेही तसेच. कर्नाटकाच्या ‘सकाळ’ या मुदतीत सेवा देण्याच्या योजनेखाली (कायदा 2011 चा) अर्ज घेताना जीएससी क्रमांक, म्हणजे सेवा-हमीचा क्रमांक, असलेली पोचपावती द्यावी लागते. मुदत उलटली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण ती जबाबदार कर्मचाऱ्याकडून वसूल होते, म्हणून त्या क्रमांकाला वजन आहे. पोचपावती न घेता ‘चार दिवसांनी या’ ऐकून परत फिरलेल्याला मागायला काहीच उरत नाही.

आता अफवांकडे. ‘खोट्या बातम्यांपासून सावध राहा’ एवढ्याने कुणी सावध होत नाही. हिशेब करून दाखवावा लागतो. पावसाळ्यात चिकोडी, निपाणी भागात ‘कोयनेतून रात्रीत 20 टीएमसी सोडले’ छापाचा मजकूर आला, तर फळ्यावर एवढेच लिहावे: क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट; चोवीस तास सलग 11,574 क्युसेक पाणी वाहिले की एक टीएमसी होते. बारा तासांत 20 टीएमसी म्हणजे सुमारे 4 लाख 63 हजार क्युसेक. कोयनेच्या सहा वक्र दरवाजांतून एवढा विसर्ग होऊच शकत नाही. पुराच्या व्हिडिओत एखादी पाटी किंवा गाडीची नंबरप्लेट दिसेल तिथे चित्र थांबवावे. केए 22 बेळगाव, 23 चिकोडी, 49 गोकाक, एमएच 09 कोल्हापूर, 10 सांगली. गाडी कुठलीही कुठेही जाते, त्यामुळे हा पुरावा नव्हे, नुसता धागा. पण थांबवलेले चित्र गूगल लेन्सवर टाकले की जुना व्हिडिओ बऱ्याचदा उघडा पडतो. व्हॉट्सॲपवरचा दुहेरी बाण मजकूर किमान पाच हातांतून आल्याचे सांगतो, खरेखोटे सांगत नाही. शिवाय मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गायब होतो.

हे सगळे भाषणात बसत नाही, म्हणून दीड तासातला निम्मा वेळ प्रात्यक्षिकाला ठेवावा. सभागृहात पोर्टल थेट उघडण्याच्या फंदात मात्र पडू नये. सर्व्हर बसतो, ओटीपी येत नाही, आणि आला तर तो आधार क्रमांकासकट पडद्यावर सगळ्या गावाला दिसतो. आदल्या दिवशीच एकेका पायरीचे स्क्रीनशॉट काढून, क्रमांक झाकून, कन्नड बटणांशेजारी मराठी अर्थ लिहून ठेवावा. ज्येष्ठांची खरी अडचण कन्नड न वाचता येण्याची असते, मोबाईलची नव्हे. पडद्यावर सहापेक्षा जास्त ओळी नकोत. ध्वनिक्षेपकाचे बॉक्स व्यासपीठाच्या मागे ठेवले तर माइक शिट्टी मारणारच. ते माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. प्रश्न चिठ्ठीवर घेतले की अर्धा तास स्वतःच बोलणारे प्रश्नकर्ते आपोआप गळतात. पाहुण्यांना निमंत्रण देतानाच कर्नाटकातले नियम लिहून पाठवावेत, किंवा त्यांच्या जोडीला इथलाच एखादा निवृत्त तलाठी अथवा ग्रामपंचायत सचिव बसवावा. दोघांत तोच जास्त उपयोगी ठरेल, असे आमचे मत आहे.

राहता राहिली आपल्या पानावरची बातमी. तिच्यात दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, सत्कार आणि आभार करणाऱ्यांची नावे आठ ओळी घेतात आणि वक्ता काय म्हणाला ते दोन ओळींत उरकते. हे प्रमाण उलटे करावे. व्याख्यानात सांगितलेले शुल्क, मुदत आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा एवढे तरी चौकटीत छापावे, ही विनंती.

आपले,
काही वाचक
बेळगाव, खानापूर, निपाणी